सोयाबीनच्या मुळांवरील गाठी : नायट्रोजिनेज विकर कसे काम करते?

हवेत सुमारे 78 टक्के नत्र असले, तरी पिकाला ते थेट घेता येत नाही. त्यासाठी नत्राच्या दोन अणूंमधील मजबूत तिहेरी बंध तोडावा लागतो. खत कारखान्यात याकरिता सुमारे 400 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान आणि मोठा दाब लागतो. सोयाबीनच्या गाठींतील ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हेच काम जमिनीच्या नेहमीच्या तापमानात नायट्रोजिनेज या विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या साह्याने करतात.

विकराची रचना

नायट्रोजिनेजमध्ये दोन प्रथिने असतात. लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉन पुरवते, तर लोह-मॉलिब्डेनमयुक्त प्रथिनावर नत्राचे अमोनियात रूपांतर होते. या दुसऱ्या प्रथिनाच्या गाभ्यात 7 लोह, 9 गंधक आणि 1 मॉलिब्डेनम अणू असलेला समूह असतो. अमेरिकेतील डग्लस रीस व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ॲझोटोबॅक्टर जिवाणूतील या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. नत्राचा एक रेणू स्थिर करण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे किमान 16 रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून मिळते.

गाठी आतून गुलाबी का असतात?

प्राणवायूमुळे हे विकर निकामी होते. मात्र ऊर्जा तयार करण्यासाठी जिवाणूंना प्राणवायू लागतोच. लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य प्राणवायू धरून ठेवते आणि गरजेपुरताच पुरवते. त्यामुळे गुलाबी रंग ही गाठ कार्यरत असल्याची खूण आहे.

शेतात तपासणी

पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी वेगवेगळ्या ठिकाणची 4-5 झाडे खुरप्याने मातीसह काढावीत. झाड उपटल्यास गाठी जमिनीतच राहतात. मुळे धुऊन गाठी कापून पाहाव्यात.

- गुलाबी किंवा लाल : नत्र स्थिरीकरण सुरू आहे.
- पांढरी : गाठ अपक्व किंवा अकार्यक्षम आहे.
- हिरवट किंवा तपकिरी : काम थांबले आहे.

व्यवस्थापन

- पीक पिवळे दिसताच युरिया टाकू नये. जमिनीत नत्र जास्त झाल्यास गाठी कमी येतात व त्यांचे कामही मंदावते.
- गाठी गुलाबी, पण कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता असू शकते.
- पाणी साचल्यास गाठींना प्राणवायू मिळत नाही. चर काढून निचरा करावा.
- गाठी फारच कमी असल्यास पुढील हंगामात प्रति 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम चोळावे. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी आणि जिवाणू खताची सर्वांत शेवटी करावी. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.