हिट्स, सोळा आणे आणि ग्रुप बाय

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या कमी आहेत. लढाया वगैरे नाहीत, विषय आहे रिपोर्टचा. तोच तो, जो आपण शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटला पाठवतो आणि जो सोमवारी कोणी उघडत नाही :)

वेबसाइट किती चालते हे मोजायची सुरुवात झाली सर्व्हरच्या लॉग फाइलपासून. ब्राउझरने एखादी फाइल मागितली की लॉगमध्ये एक ओळ पडते. त्या ओळी मोजल्या की झाल्या 'हिट्स'. आता एका पानावर वीस चित्रं असतील तर एकच माणूस एकदाच आला तरी हिट्स एकवीस. नव्वदच्या दशकात लोक याच आकड्यावर छाती फुगवून फिरायचे. 1995 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन टर्नरने 'अ‍ॅनालॉग' नावाचा फुकट प्रोग्राम लिहिला, तो लॉग वाचून नीट तक्ते काढून द्यायचा. मग सॅन दिएगोची 'अर्चिन' आली. ती गूगलने 2005 मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' म्हणून फुकट वाटली. जाहिरातींच्या लिंकमध्ये आपण 'यूटीएम' लावतो ना, त्यातला 'यू' अजून त्या अर्चिनचाच.

फुकट मिळालेल्या तयार रिपोर्टची एक खोड असते. जे मोजायला सोपं, तेच त्यात असतं. 2008 मध्ये गूगलने 'कस्टम रिपोर्ट' दिले, म्हणजे कोणता आकडा हवा आणि तो कशानुसार वाटून हवा हे तुम्ही ठरवा. आकडा एक, वाटणी दुसरी. एसक्यूएल शिकलेल्यांच्या भाषेत सांगायचं तर 'सम' आणि 'ग्रुप बाय'. बाकी सगळा रंगरंगोटीचा भाग.

माझ्या पोटापाण्याचं हेच काम. नांदेडच्या एका बियाणं व्यापाऱ्यासाठी मध्यंतरी असा रिपोर्ट केला. त्यांना हवं होतं ते इतकंच: मे महिन्यात कुठल्या तालुक्यातले लोक सोयाबीनचं कुठलं वाण बघतात, म्हणजे पेरणीआधी माल तिकडे पाठवता येईल. तयार रिपोर्टमध्ये 'शहर' होतं, पण त्यात अर्धं जग पुणे, मुंबई आणि हैदराबादचं. मोबाइल नेटवर्कचा आयपी बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा पत्ता दाखवतो, शेतकरी बसलेला असतो कंधारला. शेवटी चौकशीच्या फॉर्ममध्ये तालुक्याची यादी टाकली आणि रिपोर्ट त्यावर बांधला. शेठ म्हणाले, "साहेब, ते हिट्स-बिट्स राहू द्या. देगलूर किती अन् मुखेड किती, तेवढं सांगा."

हे वाक्य डोक्यात घोळत असताना लक्षात आलं की हा कस्टम रिपोर्टचा धंदा आपल्याकडे गूगलच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचं नाव आणेवारी.

पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, यंदा त्यातले किती आले ते सांगा. बस, एवढाच रिपोर्ट. पण त्यावर निर्णय टांगलेला. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब व्हायची. 1918 चा गुजरातमधला खेडा सत्याग्रह आठवतो का? शाळेत आपण तो 'साराबंदी' म्हणून पाठ केला. मुळात भांडण एका आकड्याचं होतं. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत, सरकार म्हणे वर. गांधीजींनी आणि त्यांच्या माणसांनी गावोगाव फिरून स्वतः चौकशी केली. डेटा ऑडिट म्हणा हवं तर!

नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडे. 1948 ला निजामाचं राज्य संपलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1957 मध्ये आण्याचे दशमान पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. (गावाकडे अजून आणेवारीच म्हणतात.) सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. 50 पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. मग जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. 51 आली की यातलं काही नाही. माझे काका लातूर जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. ते म्हणतात, "अरे बाळा, आकडा गावाचा असतो, वावर माझं असतं." ओढ्याकाठच्या काळ्या रानात सोयाबीन बरं आलं, माळावरचं जळून गेलं, तरी दोघांची पैसेवारी एकच. ग्रुप बाय गाव. सरासरी काढली की माळ दिसेनासा होतो.

केंद्राने 2016 मध्ये दुष्काळाची नवी संहिता आणली. आता पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा, भूजल असे सगळे निर्देशांक. आपल्यासारख्यांना आवडेल असा डॅशबोर्डच. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्याने त्यावरून 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात लातूर जिल्ह्यातला एकच तालुका, रेणापूर. नांदेडचा एकही नाही. इतर ठिकाणचीही ओरड होतीच. दहा दिवसांत, 10 नोव्हेंबरला, सरकारने वाटणी बदलली. तालुक्याऐवजी महसूल मंडळ घेतलं, पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत अशी अट लावली आणि आणखी 959 मंडळं दुष्काळसदृश निघाली. पुढे ती 1021 झाली.

पाऊस तोच होता हो. 31 तारखेनंतर कुणी ढगांना विचारायला गेलं नव्हतं. निकष बदलला आणि ग्रुप बाय एक पायरी खाली आला, एवढंच. मला यात सरकारला शाबासकी द्यावीशी वाटते आणि राग पण येतो. शाबासकी अशासाठी की चूक दुरुस्त केली. राग अशासाठी की पहिला रिपोर्ट बांधताना 'हा आकडा बघून कोणाला काय मिळणार?' हे विचारलं असतं तर मंडळ तेव्हाच सुचलं असतं.

अतिवृष्टीचंही तेच. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पण मोजणार मंडळातलं पर्जन्यमापक. ढग त्याला चुकवून शेजारच्या गावावर फुटला तर रेकॉर्डला पाऊस नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे. शेतकरी स्वतः वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवतो, आणि नोंद थेट गट नंबरवर पडते. म्हणजे लॉगची ओळ आता वावराइतकी बारीक झाली. काकांनी मागच्या खरिपात दोनदा बांधावर जाऊन रेंज शोधली, तिसऱ्यांदा फोटो चढला. पैसेवारी मात्र डिसेंबरात गावाचीच लागली.