आधी अप्रेंटिस, मग इंजिनिअर?

आमच्या शेजारचे काका दौंडला रेल्वेत फिटर होते. रात्रपाळी नसली की जेवणं उरकल्यावर ते ओट्यावर चटई टाकायचे आणि ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’चं जाडजूड पुस्तक उघडून बसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, हे शाळेत नापास झाले असणार. पुढे कळलं, काका ‘एएमआयई’ करत होते. डिप्लोमानंतर मी रांजणगाव एमआयडीसीत वर्षभर अप्रेंटिस होतो, तेव्हा ते पुस्तक माझ्याकडे आलं. आणि एक प्रश्न डोक्यात बसला: काम करता करता इंजिनिअर होण्याची वाट आपल्याकडे होती का? असली तर ती कुणासाठी होती?

दौंडला रेल्वे फार लवकर आली. १८५८ मध्ये पुण्यापलीकडे दौंडवरून भीमेकाठच्या डिकसळपर्यंत गाडी धावू लागली, तेव्हा भोर घाटातला मार्ग पुरा व्हायला अजून पाच वर्षं होती. १८७८ मध्ये मनमाडकडचा फाटा झाला. त्याच्या मातीकामावर दुष्काळात गावं सोडलेली माणसं राबली होती. एवढे रूळ, पूल, इंजिनं म्हणजे माणसं लागणारच. वरचे साहेब विलायतेहून यायचे. त्यांच्या हाताखालची माणसं इथेच घडवायची म्हणून १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं. आजचं सीओईपी ते हेच. सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम कर्मचारी पुरवणं एवढाच तेव्हा त्याचा हेतू होता.

मग ही शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, परीक्षा आल्या, पदव्या आल्या. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये इथूनच एलसीई झाले. संस्थेची पत वाढली ही चांगलीच गोष्ट. पण माझ्या मते फाटाही इथेच फुटला. वर्गातून जो आला तो इंजिनिअर, वर्कशॉपमधून जो आला तो मिस्त्री.

दोन्ही रस्ते एकत्र ठेवणारी एक जागा मात्र होती, बिहारमधल्या जमालपूरची. तिथे १८६२ पासून रेल्वेचा कारखाना आहे. १९२७ मध्ये तिथे ‘स्पेशल क्लास रेल्वे अप्रेंटिस’ ही योजना सुरू झाली. बारावीच्या वयाची मुलं स्पर्धा परीक्षेतून निवडायची आणि चार वर्षं कारखाना आणि वर्ग दोन्ही करवून घ्यायचे. लेथ, फाउंड्री, बॉयलर यांवर हात काळे करायचे, थर्मोडायनामिक्सचे पेपरही द्यायचे. वर विद्यावेतन मिळायचं. शेवटी मुलगा थेट रेल्वेचा मेकॅनिकल अधिकारी व्हायचा. पुढे यूपीएससी ही परीक्षा घ्यायची, आणि नंतरच्या तुकड्यांना मेसऱ्याच्या बीआयटीची पदवीही मिळू लागली. २०१५ नंतर ही भरती बंद झाली.

म्हणजे शिकाऊ म्हणून कारखान्यात शिरून इंजिनिअर होऊन बाहेर पडणं आपल्याकडे जवळजवळ नव्वद वर्षं चालू होतं. फक्त ते मूठभरांसाठी होतं. दौंडच्या खलाशाच्या पोराला जमालपूर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

बाकीच्यांसाठी आला १९६१ चा अप्रेंटिस कायदा. सुरुवातीला तो ट्रेडच्या मुलांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात डिग्री-डिप्लोमावालेही आले, पण उलट्या क्रमाने. आधी पदवी घ्या, मग वर्षभर शिकाऊ व्हा. जमालपूरला अप्रेंटिसशिप हा पदवीचा रस्ता होता, कायद्यात ती पदवीनंतरची वेटिंग रूम झाली. कायदा असंही म्हणतो, की अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. वर्ष संपल्यावर त्याला नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नाही. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन डिप्लोमाला ८,००० आणि डिग्रीला ९,००० रुपये ठरलं. दोघांत कायद्याला दिसलेला फरक हजार रुपयांचा!

गंमत म्हणजे याच्या वर्षभर पुढे, १९७४ मध्ये, जर्मनीत श्टुटगार्टकडे डायम्लर-बेंझ आणि बॉशसारख्या कंपन्यांनी बरोबर दुसरी बाजू धरली. काही महिने कंपनीत, काही महिने वर्गात, आणि शेवटी कंपनीने पगार देऊन शिकवलेला पदवीधर. त्याच घराण्याच्या मर्सिडीज आज आपल्या चाकणला जुळतात. आपल्याकडे यूजीसीने पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०२० मध्ये.

मधल्या काळात काकांसारख्यांना उरलं एएमआयई. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही १९२० ची संस्था. कॉलेज नाही, हजेरी नाही. नोकरी करा, स्वतः वाचा, ‘सेक्शन ए’ आणि ‘सेक्शन बी’ पास व्हा. सरकारी नोकरीत ते पदवीच्या बरोबरीचं धरलं जायचं. कितीतरी ज्युनिअर इंजिनिअर आणि फोरमन असे वर चढले. पण शिकवायला कुणी नाही, प्रॅक्टिकल म्हणजे रोजची ड्यूटी, आणि अभ्यास ओव्हरटाइममधून उरेल तेवढा. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ही समकक्षता कायम राहील असं ठरलं आणि तेही दार नव्या पोरांसाठी मिटलं.

काकांचा सेक्शन ए झाला होता. बी राहिला. का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, “अरे, थोरलीचं लग्न निघालं.” विषय संपला.

माझी अप्रेंटिसशिप थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच आहे. कारेगावात तिघांत एक खोली. कंपनीच्या लॉगबुकात चार विभागांचं प्रशिक्षण लिहिलेलं. प्रत्यक्षात अकरा महिने मी एकाच स्टेशनवर तेच सहा बोल्ट आवळले. सुपरवायझर वाईट नव्हता, त्याला आकडा पुरा करायचा होता. तोच दर महिन्याला लॉगबुकावर सही करायचा, मीही करायचो. एकदाच बाराव्या महिन्यात मेंटेनन्सवाल्यांनी गिअरबॉक्स खोलला तेव्हा मला हाताखाली घेतलं. शाफ्टला पडलेली चीर बघून काकांच्या पुस्तकातलं टॉर्शनचं प्रकरण पहिल्यांदा कळलं. ते तीन दिवस मला अजून पाठ आहेत.

वर्ष संपल्यावर तिथेच कॉन्ट्रॅक्टवर राहिलो. यंदा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलाय. कॉलेज दिवसाचं आहे, म्हणजे नोकरी सोडावी लागणार. काकांना सांगितलं, आईला अजून नाही.