गर्दी आपली, मैदान त्यांचं

गल्लीत टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवायची तर काय काय लागतं? वर्गणी, मांडव, लाउडस्पीकरची परवानगी, स्थानिक नेत्याचा हसरा फ्लेक्स आणि एक भलामोठा चषक. क्रिकेटच्या मालकाची परवानगी मात्र लागत नाही, कारण क्रिकेटला मालकच नाही. नियमांच्या मजकुराचा कॉपीराइट लंडनच्या एमसीसीकडे आहे, पण आपण गल्लीत 'एक टप्पा आउट' लावला म्हणून लॉर्ड्सवरून कुणाचं पत्र येत नाही. :-)

२००७ साली झीवाल्या सुभाष चंद्रांनी इंडियन क्रिकेट लीग काढली, तेव्हा बीसीसीआयने काय केलं ते आठवत असेलच. तिकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, आपल्या हातातली मैदानं मिळू दिली नाहीत. दोनेक वर्षांत लीग आटोपली. पण एवढी ताकद असूनही बोर्डाला एक गोष्ट जमण्यासारखी नव्हती. "तुम्ही क्रिकेट खेळायचंच नाही" असं ते म्हणू शकत नव्हतं.

व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी नेमकं हेच म्हणू शकते. आज विकांताला त्याचीच गोष्ट सांगायचीय.

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळू नका, एकच परिच्छेद आहे.) खेळाच्या कल्पनेवर सहसा कुणाचा कॉपीराइट नसतो. पण व्हिडिओ गेम म्हणजे नुसती कल्पना नव्हे. त्यातला कोड, चित्रं, संगीत, पात्रं हे सगळं कुणीतरी लिहिलेलं, काढलेलं असतं आणि त्याला कॉपीराइट असतो. दुकानातून खोका आणला तरी आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना. इन्स्टॉल करताना आपण न वाचता ज्याला 'आय ॲग्री' म्हणतो त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हा वापर वैयक्तिक आणि बिनव्यापारी असावा. आता शंभर लोक जमवले, प्रवेश फी घेतली, मोठ्या पडद्यावर सामना दाखवला आणि इंटरनेटवर प्रक्षेपण केलं, की यातली प्रत्येक पायरी त्या परवान्याच्या कुंपणाबाहेर जाऊ शकते. हापिसात शुक्रवारी संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक खेळताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही. कंपनीच्याही येत नाही. प्रश्न सुरू होतो तो गर्दी वाढली की.

सुरुवातीला गर्दीही नव्हती आणि मालकही नव्हता. १९६२ च्या सुमारास एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी 'स्पेसवॉर' लिहिला आणि तो विकला नाही. ज्याच्याकडे संगणक त्याच्याकडे स्पेसवॉर. १९ ऑक्टोबर १९७२ ला स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये त्याची स्पर्धा झाली. व्हिडिओ गेमची माहीत असलेली ही बहुधा पहिलीच स्पर्धा. बक्षीस काय, तर 'रोलिंग स्टोन' मासिकाची वर्षाची वर्गणी!

पुढे गेमचा धंदा झाला आणि कंपन्यांना कळलं की स्पर्धा म्हणजे फुकटची जाहिरात. १९८० मध्ये अटारीने 'स्पेस इन्व्हेडर्स'ची अमेरिकाभर स्पर्धा घेतली, दहा हजारांवर लोक खेळले. १९९७ मध्ये 'क्वेक'च्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या डेनिस फाँगला जॉन कारमॅकने चक्क स्वतःची फेरारी देऊन टाकली. कारमॅक म्हणजे क्वेकचा मुख्य प्रोग्रॅमर. त्या काळी प्रोग्रॅमरला फेरारी परवडायची आणि ती वाटून टाकणंही परवडायचं. असो.

म्हणजे १९९० च्या दशकात अलिखित करार असा होता: तुम्ही आमचा गेम खेळा, स्पर्धा भरवा, आम्ही बघून न बघितल्यासारखं करू. हा करार पहिल्यांदा जोरात फाटला तो दक्षिण कोरियात.

ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' ३१ मार्च १९९८ ला आला. १९९७ च्या शेवटी कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली होती, आयएमएफकडे हात पसरावे लागले होते. नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी 'पीसी बांग' उघडले. म्हणजे आपले सायबर कॅफे, पण मुख्यतः गेम खेळायला. त्यात ब्रॉडबँड झपाट्याने पसरलं. या सगळ्यात स्टारक्राफ्ट असा काही मुरला की २००० मध्ये फक्त गेम दाखवणारी 'ऑनगेमनेट' ही टीव्ही वाहिनी निघाली. त्याच वर्षी खेळाडूंची नोंदणी आणि स्पर्धांचं नियमन करायला 'केस्पा' ही संघटना सरकारी मान्यतेने उभी राहिली. सॅमसंग, एसके टेलिकॉम यांनी संघ पोसले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला, तेव्हा लाखभर लोक जमल्याचं सांगतात. सक्तीच्या लष्करी सेवेत गेलेल्या खेळाडूंचा खेळ सुटू नये म्हणून २००७ मध्ये कोरियन हवाई दलाने स्वतःचा स्टारक्राफ्ट संघ काढला. हवाई दलाने!

आणि हे सगळं ज्या गेमवर उभं होतं त्याच्या मालकाशी प्रक्षेपणाचा नीट लेखी करार कुणी केलाच नव्हता.

२००७ मध्ये केस्पाने साखळी स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क विकले. ब्लिझार्डचं म्हणणं साधं होतं: जे तुमचं नाही ते तुम्ही विकलंत कसं? केस्पाचा सूर असा, की तुम्ही सॉफ्टवेअर बनवलंत, पण हा 'खेळ' आम्ही बनवला. खेळाडू आमचे, प्रेक्षक आमचे, दहा वर्षांची मेहनत आमची. खरं सांगू? वाचताना मला दोन्ही बाजू पटत राहतात. २०१० मध्ये वाटाघाटी फिसकटल्या. ब्लिझार्डने कोरियातले हक्क ग्रेटेक या दुसऱ्याच कंपनीला दिले आणि ऑनगेमनेट व एमबीसीगेम या दोन्ही वाहिन्यांवर खटला गुदरला. मे २०११ मध्ये समेट झाला: स्पर्धा चालू राहतील, पण परवान्याखाली. पुढच्याच वर्षी एमबीसीगेम वाहिनी बंद पडली. त्याला फक्त हा वाद कारण नव्हता, सामने ठरवून हरण्याचं प्रकरणही २०१० मध्ये बाहेर आलं होतं आणि प्रेक्षकही ओसरत होते. पण जगभरच्या गेम कंपन्यांनी यातून धडा घेतला. गर्दी मोठी होण्याआधीच कागद करून ठेवायचा.

आता तुम्ही म्हणाल, या तर दोन तालेवारांच्या मारामाऱ्या. टीव्ही वाहिन्या, टेलिकॉम कंपन्या... आपल्यासारख्या हौशी लोकांचं काय? त्यासाठी दुसरी गोष्ट.

निन्टेंडोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' २००१ मध्ये गेमक्यूबवर आला. मारिओ, पिकाचू वगैरे मंडळी एकमेकांना मंचावरून ढकलतात, असा वरकरणी पोरखेळ. पण त्याच्या पोटात इतका वेगवान आणि खोल खेळ निघाला की कंपनीने नवे भाग काढले तरी काही लोक मेलीला चिकटून राहिले. गेममध्ये ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती, त्यामुळे माणसांनी एका हॉलमध्ये जमणं भाग. सपाट टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत किंचित उशीर होतो, म्हणून ही मंडळी जुने डबा टीव्ही गाडीत घालून स्पर्धेला न्यायची. बक्षिसाची रक्कम म्हणजे सगळ्यांच्या प्रवेश फीचाच गल्ला. कोरियासारखी पाठीशी कुठली कंपनी नाही.

२०१३ मध्ये लास वेगासच्या 'ईव्हो' या मोठ्या स्पर्धेत एक जागा शिल्लक होती. ज्या गेमचे चाहते स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी सगळ्यात जास्त देणगी गोळा करतील त्याला ती मिळणार होती. मेलीवाल्यांनी ९४,००० डॉलरवर रक्कम जमवली आणि जागा पटकावली. जुलैमध्ये स्पर्धा तोंडावर आली असताना निन्टेंडोकडून निरोप: प्रक्षेपण करायचं नाही. लोक इतके खवळले की काही तासांतच निर्णय मागे घेतला गेला. नंतर ईव्होच्या आयोजकाने सांगितलं की कंपनीला नुसतं प्रक्षेपण नव्हे, मेलीचा कार्यक्रमच थांबवायचा होता.

२०२० मध्ये कोविडने हॉल बंद केले. तेव्हा चाहत्यांनीच 'स्लिपी' लिहून मेली ऑनलाइन आणला. त्यातला रोलबॅक नेटकोड फार सुंदर प्रकार आहे. समोरच्याची चाल नेटवरून पोहोचण्याआधीच अंदाजाने दाखवायची आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन गुपचूप दुरुस्त करायची. पण यासाठी संगणकावर गेमची प्रत लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'द बिग हाउस'च्या ऑनलाइन स्पर्धेला निन्टेंडोची वकिली नोटीस गेली: बेकायदा प्रतीवर आमचा गेम चालणार नाही. स्पर्धा रद्द. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'स्मॅश वर्ल्ड टूर'च्या आयोजकांनी आपली अंतिम फेरी आणि पुढच्या वर्षीचं सगळं रद्द केलं. ते म्हणाले, परवान्याशिवाय चालवू नका असं कंपनीने सांगितलं. निन्टेंडो म्हणाली, २०२२ ची स्पर्धा रद्द करा असं आम्ही म्हटलंच नव्हतं. कोण खरं ते बाजूला ठेवा. लेखी नियम नसला की असंच होतं, प्रत्येकाच्या कानात वेगळा निरोप पोहोचतो.

शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये निन्टेंडोने हौशी स्पर्धांसाठी नियम जाहीर केले, १५ नोव्हेंबरपासून लागू. अमेरिकेपुरते मुख्य मुद्दे असे: प्रत्यक्ष स्पर्धेत जास्तीत जास्त २०० खेळाडू, ऑनलाइन ३००. प्रवेश फी २० डॉलरपर्यंत, प्रेक्षकाचं तिकीट १५ पर्यंत. बक्षिसं एकूण ५,००० डॉलरपर्यंत. प्रायोजक नाही. खाद्यपदार्थ, टीशर्ट वगैरे विकायचे नाहीत. बदललेला गेम चालणार नाही. नफा कमवायचा नाही. एवढं पाळलंत तर विचारायची गरज नाही, मोठं काही करायचं असेल तर वेगळा परवाना मागा.

हे वाचून मी सवयीने गणित मांडलं. २०० खेळाडू गुणिले २० डॉलर म्हणजे ४,०००. याच पैशांत हॉलचं भाडं, टेबलं, वीज आणि बक्षिसं बसवायची. प्रायोजक नाही, चहा-वडापावचा स्टॉल लावून चार पैसे उभे करायचे तर तेही नाही. प्रेक्षक भरपूर आले तर ठीक, नाहीतर ५,००० च्या बक्षिसापर्यंत हात पोहोचतच नाही. म्हणजे बक्षिसाची मर्यादा कागदावर आहे, खरी मर्यादा बाकीच्या ओळींमध्ये आहे. सगळ्या नियमांचा मिळून अर्थ एकच निघतो: खेळा, पण लहान राहा.

मला यातलं चांगलंही दिसतं. कॉलेजच्या हॉलमध्ये ऐंशी जणांची स्पर्धा भरवणाऱ्या पोराला आता नोटिशीची भीती बाळगून झोपायला नको. कंपनीचीही बाजू आहे. तिच्या पात्रांच्या नावावर कुणी पैसे गोळा करून पसार झाला तर बोल तिलाच लागतो. रायट आणि ब्लिझार्डनेही अशाच पायऱ्या केल्या आहेत: लहान स्पर्धेला सरसकट मुभा, मोठीला वेगळा करार.

पण दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे, हे नियम असते तर ग्वांगाल्लीचा किनाराही भरला नसता आणि ईव्होही झाली नसती. आज ज्याला ई-स्पोर्ट्स म्हणून मिरवतात ते सगळं कुणी न विचारता, कुणी न अडवता वाढलं. दुसरी जास्त गंभीर. असे परवाने कंपनी हवे तेव्हा बदलू किंवा काढून घेऊ शकते. आपल्या धंद्यात जीपीएलखाली एकदा दिलेला कोड लेखकाला नंतर रुसून परत घेता येत नाही, म्हणूनच त्यावर लोक बिनधास्त इमले बांधतात. इथे मात्र दहा वर्षं राबून उभी केलेली स्पर्धा एका ईमेलवर टांगलेली असते. मर्यादा २०० ची असो की २,००० ची, त्यावर वाद घालता येईल. पण जाहीर झालेली स्पर्धा पार पडेपर्यंत परवाना मागे घेणार नाही, एवढी एक ओळ घालायला कंपनीला काय जातंय? मारिओ तिचाच राहील, गल्ला तिचाच राहील.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला पैशांच्या जुगारी गेमपासून वेगळं काढून मान्यता दिली आहे. छान झालं. पण सरकारने खेळ मानला म्हणून गेमची मालकी बदलत नाही.

तेव्हा हापिसात, सोसायटीत किंवा कॉलेजात स्पर्धा भरवणार असाल तर त्या गेमच्या कंपनीचे नियम एकदा वाचा. चार गोष्टी बघा: माणसं किती, पैसे किती, प्रायोजक चालतो का आणि प्रक्षेपण चालतं का. आणि ज्या दिवशी स्पर्धा जाहीर कराल त्या दिवशीच्या नियमांची एक प्रत तारखेसकट जपून ठेवा. फ्लेक्सचं मात्र तुमचं तुम्ही बघा. :-)