स्वसंरक्षणासाठी पहिले रिव्हॉल्व्हर : झाशीतील अर्जदाराने काय जाणून घ्यावे

झाशी, ललितपूर व जालौन या परिसरात खांद्याला दुनळी बंदूक अडकवलेला माणूस रस्त्यात दिसला, तर कोणी वळून पाहत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक परवाने एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात हीच संख्या ८४ हजारांच्या आसपास होती. बुंदेलखंड आणि त्याला लागून असलेल्या चंबळ खोऱ्यात बंदूक ही दरोडेखोरांच्या भीतीपोटी घेतली जात असली, तरी ती प्रतिष्ठेची वस्तूही मानली जाते. झाशीशेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना शस्त्र परवान्यात प्राधान्य देऊ केले होते, यावरून या हौसेची कल्पना यावी.

मात्र घरात पहिल्यांदाच शस्त्र आणू पाहणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, उत्तर प्रदेशातील एका प्रकरणाच्या सुनावणीत, अमेरिकेशी तुलना करून हा भेद स्पष्ट केला होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारले आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्याला शस्त्र कायद्याचे रूप आले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली असली, तरी परवान्याशिवाय शस्त्र नाही हे सूत्र कायम राहिले.

परवाना कसा मिळतो

झाशीत परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. स्थानिक पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत करण्यात आली आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्याचे कलम १४ सांगते. जमीनजुमला असल्याखेरीज बंदूक मिळत नाही, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. जिवाला धोका कोणाकडून व कशामुळे आहे, हे मात्र ठोसपणे मांडावे लागते. पोलिसांत पूर्वी दिलेली तक्रार किंवा रोकड घेऊन रात्री-अपरात्री प्रवास करावा लागणारा व्यवसाय यांचा उल्लेख अर्जात असणे उपयुक्त ठरते. अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते. झाशी हे विभागीय मुख्यालय असल्याने आयुक्तांचे कार्यालयही याच शहरात आहे.

न्यायालयीन आदेशांमुळे उत्तर प्रदेशात काही वर्षे नवीन परवाने थांबले होते. ही बंदी २०१८ साली उठली, त्या वेळी गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्ती आणि वारसाहक्काने मागणी करणारे यांना प्राधान्य देण्यात आले होते. परवाना आता पाच वर्षांसाठी असतो. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात.

निवड कशातून करावयाची

विदेशी नियतकालिके वाचून ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची अपेक्षा धरणाऱ्यांची येथे निराशा होते. सैन्य व पोलीस दलांत वापरली जाणारी ९ मिलिमीटर, .३८०, .४५ आणि .४५५ ही काडतुसे ज्यात चालतात, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर निषिद्ध वर्गात मोडतात. शिवाय खासगी व्यक्तींसाठी हातशस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. जुनी विदेशी शस्त्रे हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेवर ठरतात. पहिल्या खरेदीत त्या मोहात न पडणेच बरे.

उरतो तो मुख्यतः .३२ बोअर. झाशीपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील कानपूर हे या शस्त्रांचे जुने केंद्र आहे. तेथील लघुशस्त्र निर्माणीचे सहा बारांचे .३२ रिव्हॉल्व्हर अनेक वर्षे परवानाधारकांची पहिली पसंती राहिले आहे. २०१४ साली तेथूनच ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांना समोर ठेवून बाजारात आणण्यात आले. त्याची किंमत त्या वेळी १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात होती, आणि ज्या महिलांचे नाव पुढे करण्यात आले त्यांच्यापैकी कितीजणींना ती परवडेल, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. ‘निडर’ हे .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्याहून निम्म्या वजनाचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यानंतर कानपूर येथील नव्या सरकारी कंपनीने २०२३ साली ‘प्रबल’ हे अधिक पल्ल्याचे रिव्हॉल्व्हर सादर केले. हरदोई जिल्ह्यातील संडिला येथे वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीच्या भागीदारीतूनही .३२ रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले आहे.

पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्व्हर? पिस्तूल चपटे असते, कमरेला सहज लपते आणि त्यात काडतुसे अधिक मावतात. परंतु मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे झाले असे समजून, नळीत राहिलेल्या एका काडतुसाने घडलेले अपघात सर्वत्र होत आले आहेत. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडताच सर्व घरे डोळ्यांसमोर येतात. काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे घर नळीसमोर येते. ज्याला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सराव मिळणार आहे, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, असे आमचे मत आहे. हलके शस्त्र जवळ बाळगण्यास सोयीचे असले, तरी बार उडताना तेच हाताला अधिक झटका देते. म्हणून किंमत विचारण्याआधी शस्त्र हातात धरून पाहावे. मूठ पंजात नीट बसते का आणि चाप एका बोटाने हात न हलता ओढला जातो का, हे तपासावे.

एका बाबतीत नवखे हमखास फसतात. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस यांचे नाव सारखे असले, तरी ती दोन वेगळी काडतुसे आहेत व एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, एका वेळी जवळ ठेवता येणारी आणि वर्षभरात घेता येणारी काडतुसे यांची नोंद असते. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी या नोंदी शस्त्रावरील क्रमांकाशी ताडून घ्याव्यात.

गावठी कट्टा स्वस्तात मिळतो, परंतु तो वापरणाऱ्याच्याच हातात फुटण्याची शक्यता असते. विनापरवाना साधे शस्त्र बाळगल्यासही किमान दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

घरात शस्त्र आल्यानंतर

शस्त्र रिकामे करून कुलूपबंद ठेवावे, असे नियम सांगतात. येथेच खरी अडचण आहे. मध्यरात्री दार फोडले जात असताना किल्ली शोधून, काडतुसे भरून सज्ज होण्यास लागणारा वेळ हल्लेखोर देत नाही. उलट भरलेले रिव्हॉल्व्हर उशाखाली ठेवले, तर ते घरातील लहान मुलाच्या, नशेत असलेल्या नातेवाइकाच्या किंवा निराशेने ग्रासलेल्या माणसाच्या हाती लागण्याची शक्यता वर्षाचे ३६५ दिवस कायम राहते. या दोहोंत कायदा कुलपाच्या बाजूने आहे, आणि आमच्या मते तोच योग्य आहे. मजबूत दार, जाळीच्या खिडक्या व अंगणातील दिवा यांवर आधी खर्च करावा. घरात कोणी मानसिक आजारातून जात असेल, तर परवानाधारकाने शस्त्र अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावे.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क सांगितला आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असताना, तसेच जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी अशा प्रसंगांत हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क जातो. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पळून जाणाऱ्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची या भागातील प्रथा अनेकांच्या जिवावर उठली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र म्यानातच असावे लागते.

झाशीतील मराठी कुटुंबांचे पुण्या-नागपूरकडे जाणे-येणे असते. परवाना किती क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यावरच लिहिलेले असते, आणि त्या हद्दीबाहेर तेच शस्त्र विनापरवाना ठरते. परवानाधारक मरण पावल्यास शस्त्र घरात तसेच ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावयाचा असतो. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगल्याची २५ वर्षे पूर्ण केल्यावर त्याच्या हयातीतही वारसाला असा अर्ज करता येतो.