फासे कोणाचे?

संगणकाच्या पडद्यावर फिरणारें रूलेटचें चक्र खरोखर दैवाधीन असतें काय, आणि खेळणाऱ्याशीं तें प्रामाणिक असतें काय, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतहि विचारला जातो. नागपूरच्या पश्चिमेस अमरावतीच्या रस्त्यावरील वाडी हें गुदामांचें व मालमोटारींचें गांव. तेथें काय किंवा अन्यत्र काय, जुगारासाठीं आतां अड्डा शोधीत जावें लागत नाहीं. खिशांतला मोबाइल पुरतो. साधन नवें असल्यामुळें प्रश्नहि नवा वाटतो. आमच्या मतें तो फार जुना आहे, आणि त्याची एक उद्बोधक कथा तर विदर्भाच्या वाटेवरच घडलेली आहे.

ती कथा महाभारताच्या वनपर्वांतील नलाची. निषध देशचा हा राजा विदर्भराज भीमाचा जामात. पुष्कराशीं द्यूत खेळतां खेळतां त्यानें राज्य घालविलें. कथाकारानें याचें जें कारण दिलें आहे तें लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे: कलि नलाच्या शरीरांत शिरला आणि द्वापर फाशांत. म्हणजे खेळणाऱ्याची बुद्धीहि ठिकाणावर नव्हती आणि फासेहि सरळ नव्हते. पुढें बाहुक या नांवानें ऋतुपर्णाचा सारथी होऊन नल अयोध्येहून विदर्भाकडे निघाला असतां वाटेंत बेहड्याचा वृक्ष लागला. ऋतुपर्णानें रथांत बसल्याबसल्या सांगितलें कीं, याच्या दोन फांद्यांवर ५ कोटि पानें व २,०९५ फळें आहेत. नलानें रथ थांबवून झाड पाडलें आणि फळें मोजलीं. तीं तितकींच भरलीं. तेव्हां ऋतुपर्णानें त्यास अक्षहृदय, म्हणजे फाशांचें रहस्य, शिकविलें. वैदिक काळीं बेहड्याचीं फळेंच फासे म्हणून वापरीत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे झाडाची निवड सहज झालेली नाहीं हें कळतें. संभवशास्त्राच्या उगमाचा इतिहास लिहिणारे इयान हॅकिंग यांनींहि आपल्या १९७५ सालच्या ग्रंथांत या प्रसंगाची दखल घेतली आहे. वर्धेच्या कांठचें कौंडण्यपूर हीच भीमाची राजधानी, अशी आपल्याकडील परंपरा. वाडीवरून जाणारा रस्ता त्याच बाजूस जातो, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें.

कवीनें दैवाकडे पाहिलें, तर कौटिल्यानें फाशांच्या मालकाकडे. अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. द्यूत एकाच ठिकाणीं चालवावें, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा. फासे व कवड्या अध्यक्षानेंच भाड्यानें द्याव्या. त्या बदलून दुसऱ्या वापरणाऱ्यासहि १२ पण दंड. कपटानें खेळणाऱ्यास त्याहून मोठा दंड, आणि जिंकलेलें द्रव्यहि काढून घ्यावें. जिंकलेल्या द्रव्यांतून अध्यक्षानें शेंकडा ५ घ्यावे. या व्यवस्थेंत नीतीचा आव नाहीं. राजाला पैसा हवा आहे, आणि चोर कोठें जमतात हेंहि त्याला पाहावयाचें आहे. तथापि फासे खेळणाऱ्यांपैकीं कोणाचेच असूं नयेत, हें तत्त्व तिनें स्पष्टपणें ओळखलें होतें.

मुंबईच्या मटक्याचा इतिहास याच तत्त्वाभोंवतीं फिरतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आरंभीं लोक न्यूयॉर्कहून तारेनें येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आंकड्यांवर पैसे लावीत. हे आंकडे मुंबईंतील कोणाच्या हातचे नसत, हीच त्यांची प्रतिष्ठा. ते बंद झाल्यावर १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनीं आणि १९६४ सालीं रतन खत्री यांनीं आपापला मटका सुरू केला. आतां आंकडा स्थानिक माणसाच्या हातून निघूं लागला, आणि विश्वास कसा उत्पन्न करावा ही अडचण उभी राहिली. तीन पत्ते काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आंकडा धरीत; पत्ते चारचौघांसमक्ष काढले जात म्हणूनच खत्रींच्या मटक्याचा लौकिक झाला, असें सांगतात. धंदा बेकायदेशीर, पण त्याचें भांडवल सचोटीची ख्याति हें होतें! मात्र दहा आंकड्यांपैकीं एक बरोबर आला तर रुपयास नऊ मिळत. पत्ते कितीहि स्वच्छपणें काढले तरी दहावा रुपया मालकाचा. दैवाधीन असणें आणि न्याय्य असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें येथें कोणासहि दिसेल.

रूलेटचें गणितहि असेंच आहे. युरोपीय चक्रास ३७ घरें. प्रत्येकावर एकेक रुपया ठेवला तर ३७ रुपये जातात, आणि जिंकणाऱ्या घराचा रुपया धरून ३६ परत येतात. शेंकडा सुमारें २.७० मालकाचे. अमेरिकेच्या ३८ घरांच्या चक्रांत हें प्रमाण ५.२६ होतें. मग मालकानें कपट करावेंच कशाला? प्रामाणिक व्यापाऱ्याला तें नकोच. पण ज्यास धंदा चार महिन्यांत गुंडाळावयाचा आहे, त्याला शेंकडा २.७० फार थोडे वाटतात.

संगणकांत चेंडूहि नसतो आणि चक्रहि नसतें. असतो तो गणिती सूत्रानें आंकडे काढणारा एक कार्यक्रम. तो उत्तम असूं शकतो. कसून तपासलेल्या कार्यक्रमाचे आंकडे लांकडी चक्रापेक्षांहि समतोल पडतात. परंतु खेळणाऱ्यास तो दिसत नाहीं. तांबडा रंग शेंकडा ४८.६ वेळां यावयाचा तो ४७.६ वेळांच येतो, एवढी सफाई कोणी केली, तर नुसता वाजवी संशय घेण्यास सुमारें १०,००० डाव मोजावे लागतील. इतके डाव मोजणारा ऋतुपर्ण आम्हांस तरी ठाऊक नाहीं. शिवाय बाहेरची तपासणी झाली म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. अमेरिकेंतील अनेक राज्यांच्या लॉटरी-संघांत संगणकाच्या सुरक्षिततेचें काम पाहणाऱ्या एडी टिप्टन यानें आंकडे काढणाऱ्या कार्यक्रमांतच गुप्त कलम घातलें होतें. वर्षांतील ठराविक दिवशीं आंकडे अगोदर अजमावतां येत. २०१७ सालीं त्यास २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. तो पकडला गेला, कारण तेथें संस्था होती, दप्तर होतें आणि चौकशी करणारे होते.

आमच्याकडे २०२३ च्या जुलैंत नागपूर पोलिसांपुढें एक तक्रार आली. एक व्यापारी ऑनलाइन जुगारांत आरंभीं कांहीं जिंकला आणि पुढें सुमारें ५८ कोटि रुपये हरला. गोंदियांतील एका घरीं पोलिसांस कोट्यवधींची रोकड आणि कित्येक किलो सोनें सांपडलें. आरोपांचा निर्णय न्यायालयाचा. त्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. खरें चक्र मात्र खेळणारा नवखा कीं मुरलेला हें जाणत नाहीं. नवख्यास देणारें आणि मुरलेल्याकडून घेणारें चक्र कोणी बनविलें, तर तें संगणकांतच बनवितां येतें, लांकडांत नाहीं.

पैशांच्या ऑनलाइन खेळांस देशभर बंदी करणाऱ्या कायद्यास २०२५ च्या ऑगस्टांत राष्ट्रपतींची संमति मिळाली. महाराष्ट्रांत कॅसिनोसंबंधींचा १९७६ चा कायदा कधीं अमलांत आलाच नाहीं. तो २०२३ सालीं रद्द झाला. गोव्यांतील कॅसिनोंत मात्र टेबल, चक्र व चेंडू डोळ्यांसमोर असतात, आणि परवाना देणारें सरकारहि. परदेशांतल्या संगणकावर चोरून खेळणाऱ्या वाडीच्या तरुणापुढें यांपैकीं कांहींच नसतें. तेथें फासेहि प्रतिपक्षाचे आणि द्यूताध्यक्षहि तोच.