काळी माती आणि चार चाकांची ताकद

आषाढातल्या पावसानंतर काळ्या रानात गाडी रुतली म्हणजे काय होते, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. अलीकडे पुष्कळ शेतकरी विचारतात, ‘चिखलापांदीतून जाईल अशी दणकट पिकअप घ्यायची आहे, कोणती घ्यावी?’ दणकट म्हणजे काय, जड म्हणजे काय, आणि चिखलातून जाणारी म्हणजे काय, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की कर्ज काढून घेतलेली गाडी नेमकी अडचणीच्या दिवशी पांदीत बसते. म्हणून आज थोडा चाकांचा इतिहास पाहू.

सुरुवात मातीपासून केली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा दख्खनवर पसरला, त्याचा काळा खडक झाला, आणि तो खडक झिजून आपली ही काळी झाली. हिच्यातला चिकणा अंश पाणी पितो आणि फुगतो. उन्हाळ्यात तोच आकसतो आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमाड रानात वरचा थर ओला असला तरी खाली टणक बूड लागते. खोल काळीत बूड लागतच नाही. शिवाय ही माती चाकाला धरते. टायरच्या खाचा भरून जातात, चाक लाटण्यासारखे गुळगुळीत होते आणि जागच्या जागी फिरत राहते.

आपल्या बैलगाडीचे चाक लाकडी आणि त्यावर लोखंडी धाव. कोरड्या वाटेवर हे चाक उत्तम, पण धाव अरुंद. सगळे ओझे त्या अरुंद पट्टीवर येते आणि ती सुरीसारखी मातीत शिरते. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग मुलांना दाखवावा. ओल्या मातीवर एक वीट आडवी ठेवा आणि दुसरी उभी. वजन तेच, पण उभी वीट जास्त खोल जाते. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे ते टायर बैलगाडीलाही लागले आणि आपल्याकडे त्या गाडीचे नावच ‘डनलॉप’ पडले. तेच बैल आणि तेच ओझे, पण चाक रुंद झाल्याबरोबर ओढ हलकी झाली. यंत्र नाही, तेल नाही, नुसता चाकातला फरक!

या शतकभरात वाहने आली ती बहुतेक बांधलेल्या वाटेवर. मनमाड-सिकंदराबाद ही लहान रुळांची रेल्वे १९००च्या सुमारास परभणी, पूर्णा या गावांवरून धावू लागली. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ मोटारी घेऊन बससेवा सुरू केली. तीही पक्क्या सडकेपुरतीच. स्टेशनापासून गावापर्यंतचा शेवटचा पल्ला बैलांचा राहिला. ऐन पावसात तोही बंद, मग आजारी माणूस बाजेवर घालून चार खांद्यांवरून न्यायचा.

लष्कराचीही गत फार वेगळी नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची पोलीस कारवाई झाली. १३ तारखेला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. रणगाडे जवळ होते, तरी पुलाला एवढे महत्त्व. पावसाळ्यातल्या काळ्या रानात मोठी फौज सडकेवाचून हलत नाही, हे त्यामागचे साधे गणित.

आता खरी गोष्ट येते ती जीपची. १९४० साली अमेरिकन सैन्याला हवी होती एक छोटी गाडी, जी वाट नसली तरी जाईल. सैन्याची मुख्य अट ताकदीची नव्हती, वजनाची होती. सुरुवातीला त्यांनी गाडी फक्त १,३०० पौंडांची मागितली, म्हणजे सुमारे ५९० किलो. हे काही जमेना. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला, पण तोही भरला जड. शेवटी सैन्याने मर्यादा २,१६० पौंडांवर नेली. विलिस कंपनीचे इंजिन सर्वांत जोरदार होते, सुमारे ६० अश्वशक्तीचे. परंतु गाडी जड झाली होती. तिच्या इंजिनिअरांनी एकेक भाग तासून वजन उतरवले. रुतलेली गाडी चारपाच जवानांनी उचलून काढावी, अशी ती झाली पाहिजे होती ना!

या गाडीत आणखी दोन गुण होते. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळे, आणि एक अगदी मंद गिअर होता. त्या काळच्या साध्या गाडीत बहुधा फक्त मागची दोन चाके ढकलत; ती घसरली की पुढची दोन नुसते ओझे. मंद गिअरने चाक हळू पण जोराने फिरते, त्यामुळे माती उकरली जात नाही. युद्धानंतर १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने ही जीप मुंबईत जोडायला घेतली, आणि तहसीलदारापासून डॉक्टरापर्यंत सर्वांची ती ग्रामीण गाडी झाली.

जड गाडीचा इतिहासही त्याच सुमाराचा. डॉज कंपनीने युद्धातल्या आपल्या गाडीवरून १९४६ साली ‘पॉवर वॅगन’ नावाची पिकअप काढली. चारही चाकांना जोर, ९४ अश्वशक्ती, रुंद टायर, आणि पुढे दोर गुंडाळून स्वतःलाच ओढून काढणारे यंत्रही बसवून मिळे. जंगलातली लाकडे ओढायला ती नामी. आजच्या थोर पिकअप गाड्या तिच्याच वंशातल्या. पण तिचे वजन पाहता, खोल काळीत ती बसली तर काढायला दुसरी तशीच आणावी लागेल!

आपल्या जिल्ह्याचा हिशेब वेगळाच आहे. आपले जड ओझे कोणते? कापूस, सोयाबीन, ऊस. कापूस मानवत, सेलूच्या बाजाराला निघतो तो दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा वाटा वाळून दगड झालेल्या असतात. चिखल असतो तेव्हा ओझे हलके असते: बाळंतीण, बियाणे, खताच्या चार गोण्या, शाळेचे मास्तर. म्हणजे जड गाडी लागते कोरड्यात आणि हलकी लागते ओल्यात. पाथरी, मानवत, पूर्णा भागातल्या खोल काळीत शक्य तितकी हलकी, चारही चाके चालणारी आणि रुंद, मोठ्या खाचांच्या टायरची गाडी बरी. जिंतूरच्या डोंगराकडे किंवा गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटात दगड आणि चढ जास्त. तिथे पोट उंच असलेली गाडी हवी. आणि ज्याला फक्त शेतातून सडकेपर्यंत माल काढायचा आहे, त्याने पिकअपऐवजी ट्रॅक्टर-ट्रॉलीचाच विचार करावा, असे माझे मत आहे. मागचे ते मोठे चाक उगीच नाही.

बाजारातल्या पुष्कळ पिकअप दिसायला दांडग्या असतात, पण जोर फक्त मागच्या चाकांना असतो. वाकून खाली पाहा, बरं का! इंजिनाकडून पुढच्या आसाकडे जाणारा फिरता दांडा आहे की नाही, ते लगेच दिसते. नसेल आणि गाडी रिकामी असेल, तर मागचा भाग हलका पडून चाके घसरतात. दोन-तीन पोती मागच्या आसावर टाकली की पकड सुधारते. चारही चाकांची गाडी असली तरी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात घालू नका. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकते, आणि इथे हलकी गाडी आधी जाते.

पैसे मोजण्याआधी गाडी पावसाळ्यात, नेहमीच्या ओझ्यानिशी आपल्या पांदीतून चालवून पाहायला मागा. विकणारा टाळाटाळ करील, तर तीच गाडी ज्याच्या दारात दोन पावसाळे उभी आहे असा माणूस शेजारच्या गावात शोधा. ती काढायला ट्रॅक्टर किती वेळा बोलवावा लागला, ते तो चहा पिता पिता सांगेल.