घोडबंदरची खाडी व शिडाची गलबते

ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार पार पडत असताना, ज्या खाडीमुळे या गावाच्या नावात ‘बंदर’ आले तिचा इतिहासही या स्मरणिकेत नोंदविणे अगत्याचे आहे.

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात उगम पावून कल्याण, ठाणे व घोडबंदर या मार्गाने वसईजवळ समुद्रास मिळते. येथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून गावास हे नाव पडले असे सांगतात. खाडीवर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी टेकडीवर किल्ला बांधला. तो १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई काबीज केली.

त्या काळी सारी वाहतूक शिडाच्या गलबतांनी व मचव्यांनी होई. पश्चिमेचा वारा आणि भरती एकदम लाभली की तांडेल शीड उभारून ठाणे-कल्याणकडे निघत. ओहोटी लागली की नांगर टाकून सुमारे सहा तास भरतीची वाट पाहावी लागे. अशा वेळी डोंगराच्या कुशीतील हे बंदर विसाव्याचे ठिकाण होते. पावसाळ्यात दर्या बंद राही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा शिडे उभी राहत.

१८६४ साली भाईंदरवरून रेल्वे धावू लागली, नंतर मोटाररस्ते झाले आणि मालाने खाडीची वाट सोडली. इकडे गाळही साठत गेला. नदी पावसाळ्यात डोंगराची माती आणते, भरती समुद्राचा चिखल आणते. ओहोटीला जोर असेल तरच तो परत वाहून जातो. परंतु खाजणांना बांध पडले, भराव झाले. भरतीचे पाणी आत पसरण्यास जागा उरली नाही, त्यामुळे ओहोटीचा जोर घटला व गाळ तळाशी बसू लागला. यात तिवरांचा दोष नाही. ती काठ धरून ठेवतात व मासळीच्या पिलांना आसरा देतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. म्हणजे पाण्याची वाट अद्याप मोडलेली नाही.

देवळाची पडलेली भिंत वर्गणीतून पुन्हा उभी राहते. बुजलेली खाडी तशी उभी करता येत नाही. म्हणून ग्रामस्थांनी राडारोडा खाडीत टाकू नये व टाकू देऊ नये. वृद्ध तांडेलांना ठाऊक असलेल्या खुणा, खडक व वाटा त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात. हीदेखील ग्रामदैवताची सेवाच होय.